पथारीवरची मिरची आणि जावयाची भाषा

मी नेमकं काय काम करते हे माझ्या सख्ख्या मावशीला अजून सांगता येत नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं की ती म्हणते, "आमची सुनंदा कॉम्प्युटरमध्ये असते." जणू मी त्या डब्यातच राहते! एकदा तिने मला बंद पडलेला मिक्सर आणून दिला. उघडून बघितला, कार्बन झिजला होता, बदलून दिला. माझ्या शिक्षणावर तिचा विश्वास बसला तो त्या दिवशी.

तर मी धंद्यांसाठी प्रोग्राम लिहिते. आमच्या वस्तीतल्या विहारात वाचनालयाच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर कुणीतरी देणगी म्हणून दिला होता, तिथे सुरुवात झाली. पुढे शिकले जळगावला आणि ऑफिस थाटलं धुळ्याला, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत. खाली झेरॉक्सचं दुकान, वर मी. गिऱ्हाईक म्हणजे डाळमिलवाले, केळीचे व्यापारी, बियाण्यांची दुकानं, मंडपवाले. सगळी गोड माणसं. सगळ्यांना काम कालच हवं असतं.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा असा सांगता येईल. डेटाबेस म्हणजे गोदाम. नावं, तारखा, माल, सगळं थप्पीने लावलेलं. आता गोदाम कितीही मोठं असलं तरी पोतं आपल्या पायांनी बाहेर येत नाही, त्याला हमाल लागतो. आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो ती भाषा म्हणजे हा हमाल. हमाल निवडताना काय बघायचं? त्याला गोदामाची वाट माहीत हवी, दोघांनी एकदम एकाच पोत्याला हात घालून मारामारी करू नये, आणि तो आजारी पडला तर त्याच्या जागी धुळ्या-जळगावात दुसरा मिळायला हवा. बस्स. एवढंच शास्त्र आहे. बाकीचं सगळं पुण्याहून येणारे भाचे बोलतात.

पण हे गिऱ्हाइकाला पटेल तर शपथ. जळगावचे एक डाळमिलवाले शेठ मला म्हणाले, "ताई, यात सगळ्यात भारी भाषा कोणती? ती टाका. खर्चाचं बघू नका."

म्हटलं, "शेठ, डाळींत सगळ्यात भारी डाळ कोणती?"

"ते गिऱ्हाइकावर असतं."

"मग हेही तसंच असतं."

शेठनी बराच वेळ विचार केला, चहा संपवला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. तरीपण भारीतली टाका."

पहूरच्या एका मंडपवाल्याची तऱ्हा याच्या उलट. त्याला कुणीतरी त्या काळच्या एकदम फॅशनमधल्या भाषेत प्रोग्राम लिहून दिला आणि लिहिणारा गेला परदेशी. ती भाषा इकडे कुणालाच येईना. कॉम्प्युटर बंद केला तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही, म्हणून या भाऊंनी तो बंदच केला नाही. त्याच्यासाठी वेगळा इन्व्हर्टर घेतला. घरातले घामाघूम होऊन बसलेले आणि कॉम्प्युटरला मात्र पंखा. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. मी गेले तेव्हा भाऊ हळू आवाजात म्हणाले, "ताई, जरा लांबून बघा, तुम्हाला हात लावू देत नाही तो." माझ्या आयुष्यात इतकं घाबरून मी कीबोर्डला बोट लावलेलं नाही.

पण खरी हकीकत सांगायची आहे ती दोंडाईच्याकडच्या मिरचीची.

दोंडाईच्याजवळच्या एका गावात मिरची पिकवणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. नाव सांगत नाही, पुन्हा जायचं आहे मला तिथे. गावाबाहेर संस्थेचं मोठं मैदान, त्याला म्हणतात पथारी. प्रत्येक सभासदाचा त्यात चौक आखलेला. हंगामात ओली लाल मिरची तिथे उन्हात पसरतात, आणि वर चढून बघितलं तर डोळे दिपतात, नाकाचं तर विचारूच नका. या मिरचीचा एकच वैरी, अवकाळी पाऊस. वाळत आलेली मिरची एकदा भिजली की काळी पडते, बुरशी धरते, व्यापारी तिच्याकडे बघतही नाही. आभाळ आलं की घरातून सगळ्यांनी धावायचं, मिरची ओढून ढीग करायचा आणि वर ताडपत्री टाकायची. हातात वेळ फार थोडा असतो.

पूर्वी हे काम गोकुळ करायचा. गोकुळ पथारीचा राखणदार. पथारीच्या कडेला संस्थेचं ऑफिस, त्याच्या छपरावर भोंगा होता. आभाळ दिसलं की गोकुळ माईकवरून एकेकाचं नाव पुकारायचा आणि गाव पळत यायचं.

इथवर सगळं छान. पण संस्थेत दोन पॅनेल. एक नानांचं, एक बापूंचं. नाना चेअरमन, बापू व्हाइस चेअरमन, कारण मागच्या निवडणुकीत दोन्हीकडचे सारखेच निवडून आले आणि चिठ्ठी टाकावी लागली. दोघांचे चौक पथारीवर शेजारी शेजारी, घरं समोरासमोर आणि बोलणं बंद. कशावरून बंद झालं ते दोघांनाही आठवत नाही, असं गाव म्हणतं. नानांना काही सांगायचं असलं तर बापूंच्या अंगणात बसलेल्या कुत्र्याला उद्देशून सांगायचे.

गोकुळ नानांच्या साडूचा मुलगा. एका वर्षी आभाळ आलं तेव्हा त्याने आधी नानांच्या पॅनेलची नावं पुकारली आणि बापूंची माणसं पोचेपर्यंत त्यांची मिरची भिजली. गोकुळ शपथेवर सांगतो की जी नावं तोंडात आली ती घेतली. पण पॅनेलच्या गावात असं कुणी ऐकतं का? ठराव झाला की भोंगा उतरवून माळ्यावर टाकायचा आणि कॉम्प्युटरवरून सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम मेसेज पाठवायचा. बटण दाबलं की गाव धावलं पाहिजे. कुणीच आधी नाही, कुणीच नंतर नाही. त्यासाठी मला बोलावलं.

मी मीटिंगला गेले. चहा झाला, नाव-गाव झालं. मग नाना म्हणाले, "माय, प्रोग्राम कोनता भाषामा करशी?"

मी म्हटलं, "नाना, ते माझ्यावर सोडा."

"आमना जावई सुरतले कॉम्प्युटरमा शे. तो म्हने पीएचपीमाच करा."

हे ऐकताच बापूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून जाहीर केलं, "आमना भाचा पुनाले शे. तो म्हने आते बठ्ठं पायथॉनमा चालस."

झालं! त्या खोलीत पीएचपी काय नि पायथॉन काय, एकालाही माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्या संचालकांनी शेजाऱ्याला विचारलं, पायथॉन म्हणजे अजगर ना? शेजारी म्हणाला, "हो, पण बापूंचा आहे." तेवढ्यावर त्यांनी हात वर केला. मतदान घेतलं. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मी उठून समजावलं, की बाबांनो, दोन्ही हमाल चांगले आहेत, दोघांना गोदामाची वाट पाठ आहे, कुणीही एक घ्या. नाना म्हणाले, "जावईना शब्द खाली पडाले नको, माय." खान्देशात जावयाने सांगितलेली भाषा नाकारायची म्हणजे मुलीच्या संसाराचा प्रश्न. आणि भाच्याला मामाच्या घरी काय मान असतो ते वेगळं सांगायला नको.

शेवटी तोडगा निघाला, आणि तो फक्त आमच्याकडेच निघू शकतो. नानांच्या पॅनेलच्या सभासदांना मेसेज जाणार पीएचपीतून, बापूंच्या पॅनेलच्या सभासदांना पायथॉनमधून. गोदाम एक, हमाल दोन. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, दोन कारकून. आणि वर एक अट, की कुठल्याही पॅनेलचा मेसेज दुसऱ्याच्या आधी जाता कामा नये. म्हणून प्रत्येक प्रोग्रामने आधी आपली यादी ताब्यात घ्यायची, मग समोरच्याची यादी ताब्यात घेऊन तो आधी निघालेला नाही ना हे तपासायचं, आणि मगच मेसेज सोडायचे.

मी हात जोडले. म्हटलं, "दोघांनी एकदम बटण दाबलं तर हा त्याची यादी मागत बसेल आणि तो याची. दोघंही आपली सोडणार नाहीत. अरुंद बांधावर समोरासमोर दोन गाड्या आल्या तर काय होतं?"

"एक मांगे लेस," एक संचालक म्हणाले.

"बरोबर. चांगला डेटाबेस अशा वेळी स्वतःच एकाला मागे काढतो. तेवढं त्याला करू द्या."

"कोनाले मांगे काढी?" नाना आणि बापू दोघंही एकदम म्हणाले. एका आवाजात त्यांनी बोललेलं तेवढं एकच वाक्य. आणि कुणालाही मागे काढायचं नाही असा ठराव बिनविरोध मंजूर झाला. संस्थेच्या इतिहासातला पहिला बिनविरोध ठराव म्हणून टाळ्यासुद्धा पडल्या. मी कपाळाला हात लावला, पण ठरावाप्रमाणे प्रोग्राम लिहून दिला. माझा राग कुठे गेला? माझा राग त्या प्रोग्रामच्या शेऱ्यांमध्ये आहे, म्हणजे लिहिणारा ओळींच्या बाजूला स्वतःसाठी टिपा लिहून ठेवतो त्यांत. कुणी उघडून वाचला तर माझी धडगत नाही.

मी तपासून बघितलं तेव्हा प्रोग्राम सुरळीत चालला. चालणारच, मी एकटी होते, आधी इकडचं बटण दाबायची, मग तिकडचं. भांडायला कुणी नव्हतंच.

हंगाम भरात होता. कारकुनांना शिकवायला म्हणून मी सकाळच्या बसने गेले. पथारी कडेपर्यंत लाल झालेली, वाळत आलेली मिरची, दोन दिवसांत पोत्यात भरायची. ऑफिसात दोन कारकून पाठीला पाठ लावून बसलेले, बोट बटणावर, मान वळवून एकमेकांकडे लक्ष. नाना एका खुर्चीवर, बापू दुसऱ्या. गोकुळ दारात पायरीवर, चेहरा पाडून. त्याला आता काही कामच राहिलं नव्हतं.

दुपारी जेवण झालं आणि उजेड एकदम मंदावला. सातपुड्याकडून आभाळ आलं, काळंकुट्ट. गोकुळ ओरडला, "नाना, आभाय उनं!" दोन्ही कारकुनांनी बटणं दाबली. एकदम. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, इतका अचूक एकदमपणा मी कधी पाहिला नाही.

पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. इकडेही, तिकडेही. फिरतंय, फिरतंय. मोबाइल गप्प. गावातलं कुणी हलेना, कारण दवंडी दिली होती की आता उगाच धावायचं नाही, मेसेज आला की निघायचं. आणि मेसेज निघत नव्हता. पीएचपीवाला नानांची यादी कवटाळून बापूंची मागत होता, पायथॉनवाला बापूंची कवटाळून नानांची. हुबेहूब मालकांवर गेलेले! बाहेर शेकडो पोती मिरची उघडी पडलेली आणि वारा सुटलेला. उद्या भिजलेल्या मिरचीकडे बघून कुणी जावयाला विचारणार नव्हतं की भाच्याला. सगळं गाव म्हणणार होतं, धुळ्याच्या बाईने बुडवलं.

मी ओरडले, "नाना, बापू, एकाला बंद केल्याशिवाय सुटत नाही! बोला, कुणाचा बंद करू?"

मला वाटलं आता इथेच मारामारी होणार. पण नानांनी बाहेर बघितलं, छाती पुढे काढली आणि म्हणाले, "मना बंद कर, माय. गावना करता मी मांगे लेस."

माझे डोळे भरून आले हो! खरंच आले. मी बटणाकडे हात नेला तोच बापू ताडकन उठले. "नही! मना बंद कर! गावना करता मांगे मी लिसू!"

"मी पहिले बोलनू!"

"तू नेहमीच पहिले बोलस! मना बंद कर, ताई!"

"मना!"

"मना!"

माझे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. कारण मलाही कळलं आणि खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. जो मागे हटेल त्याने गावाची मिरची वाचवली, हे पुढच्या निवडणुकीपर्यंत सांगता येणार होतं. आता पुढे जाण्यासाठी नव्हे, मागे हटण्यासाठी भांडण जुंपलं. एकाचा बंद करायला जावं तर दुसऱ्याचा कारकून माझा हात धरतो. कॉम्प्युटरमध्ये गाडी अडकलेली होतीच, आता खोलीतही अडकली.

"मरा दोघं!" मी म्हटलं, आणि भिंतीजवळ जाऊन दोन्ही टेबलांच्या वायरी ओढल्या. चेअरमनना असं बोलायला नको होतं. पण बोलले, आणि अजूनही त्याचं काही वाटत नाही.

"गोकुळ, भोंगा काढ!"

गोकुळ माळ्यावर असा चढला की शिडीची गरज पडली नाही. भोंगा पुसून-पासून, फडक्यात बांधून ठेवलेला. तो त्याने कौलांवर टेकवला, वायर जोडली, माईक हातात घेतला आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. त्याने पुकारलं तर पुन्हा तेच होणार होतं, नानांचा माणूस बोलला म्हणून. माईक त्याने माझ्या हातात दिला. गोदाम कोपऱ्यातल्या वेगळ्या डब्यात होतं, ते चालूच होतं; मी माझा लॅपटॉप सरळ त्याला जोडला. मध्ये हमाल नाही, पॅनेल नाही, एक ओळ लिहिली, की सगळी नावं दे. आणि डेटाबेसची एक खोड आहे, क्रम सांगितला नाही तर तो हाताला येईल तसं देतो. नानांचा एक, बापूंचे दोन, पुन्हा नानांचा. त्याला गावकी माहीतच नाही बिचाऱ्याला.

मी वाचायला लागले. सुरुवातीला शुद्ध मराठीत, "सर्व सभासदांना कळवण्यात येते की." गोकुळ कळवळून म्हणाला, "ताई, आसं बोलशात तं लोक बिल भराले येतीन!" मग माझ्या आईची बोली आपोआप तोंडात आली. "आभाय उनं शे! बठ्ठा पया! ताडपत्री लई या! सखाराम आबा, पया! लीलाअक्का, पया! रतन भाऊ, पया!"

आणि गाव पळत आलं. बाया पदर खोचून, म्हातारे काठी टाकून, डोंगराकडून कामाला आलेली मजूर मंडळी पाट्या घेऊन. मी नावं घेत होते, गळा बसत होता, मिरचीच्या खकाण्याने नाक-डोळे वाहत होते आणि खाली ढिगामागून ढीग झाकला जात होता. मोठे थेंब पडायला लागले तेव्हा मी यादीच्या शेवटाला आले होते. शेवटची दोन नावं वाचली. नाना आणि बापू.

त्या दोघांच्या घरची माणसं अंगणात नाव ऐकायची वाट बघत उभी होती. चेअरमनचं नाव घेतल्याशिवाय निघायचं कसं? आणि ते दोघं स्वतः अजून ऑफिसात, "मना", "मना". पाऊस जेमतेम दहा मिनिटं पडला. सगळ्या पथारीवर दोनच चौक भिजले, शेजारी शेजारी.

बाहेर येऊन दोघं आपापल्या काळवंडत चाललेल्या मिरचीसमोर उभे राहिले. कुणी हसलं नाही. म्हणजे तोंडावर तरी नाही. लीलाअक्का तोंडात पदर कोंबून ताडपत्रीमागे गेल्या.

त्यानंतर जी मीटिंग झाली तीत भाषेबद्दल एकाच ओळीचा ठराव झाला, की भाषा ताईंच्या मर्जीप्रमाणे. मी एकच प्रोग्राम लिहिला, एक यादी, एक बटण, आणि अडचण आली तर कुणाला मागे काढायचं ते डेटाबेस ठरवेल. कुठल्या भाषेत लिहिला ते सांगत नाही. सुरतच्या जावयाचा फोन आला, म्हणे पीएचपीच घेतलं ना? पुण्याच्या भाच्याचाही आला. दोघांना म्हटलं, तुमचा सल्ला फार उपयोगी पडला. भोंगा मात्र पुन्हा माळ्यावर गेला, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. मेसेज वेळेवर पोचतो, पण त्यात कुणी जीव तोडून ओरडत नाही. गोकुळला आता बटण दाबायचं काम आहे. तो ते दोन्ही हातांनी दाबतो.

परवाच्या हंगामात मी त्या बाजूला गेले होते म्हणून पथारीवर डोकावले. नाना आपल्या चौकाच्या कडेला बसलेले, बापू आपल्या, मध्ये हातभर वाट. तोंडं दोन दिशांना. आणि आभाळ आलं. गोकुळने बटण दाबलं. दोन्ही खिशांत एकदम घंटी वाजली. दोघांनी मोबाइल काढले, लांब धरले, डोळे बारीक करून वाचले. मग तिरक्या नजरेने एकमेकांच्या हाताकडे बघितलं, कुणाचा आधी आला ते. कळायला मार्ग नव्हता.

वारा सुटला. पहिला थेंब नानांच्या चष्म्यावर पडला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. कुत्रं नव्हतं.

"तुले उना का?" त्यांनी विचारलं.

बापूंनी मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाले, "उना."

"मंग ऊठ ना. बठ्ठी भिजी राहिनी. ताडपत्री धर."